सेन्सरची नळी

"ही तिसरी खेप," गाडीमालक माझ्या मानेशी गुरगुरला. "जमत नसेल तर तसं सांगा की."

अशांच्या तोंडी मी लागत नाही. चावी चालू, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर एक्झॉस्टचा दाब शून्य. तरीही रस्त्यावर डॅशबोर्डचा इशारा-दिवा पेटतोच, म्हणजे दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी काजळीनं तुंबली असणार. मी तिचं खालचं टोक सोडवलं, पुसलं आणि जुन्या खोडीप्रमाणे तोंडानं फुंकलं.

आकडा चढला. नळी साफ होती.

ती हातातून सोडून मी सुस्कारा टाकला. आकडा पुन्हा चढला. श्वास घेतला, तसा उतरला.

मी सेन्सरचा प्लगच उपटला. तरीही आकडा माझ्या छातीबरोबर चढत-उतरत राहिला.

"आधीच्या मिस्त्रीनंही अस्संच फुंकलं होतं," मालक कुत्सितपणे म्हणाला. "त्याच्या गॅरेजचं शटर तेव्हापासून उघडलेलं नाही."

मी मुद्दाम श्वास रोखला. आकडा जागच्या जागी थबकला. मग तो आपणहून चढला, आणि माझ्या नाकातून हवा निघून गेली. मी ती सोडली नव्हती.

मग आकडा शून्यावर येऊन बसला. छाती हलेना. मी बॉनेटची कड घट्ट धरली.

"पुरे झाली नाटकं. बंद करतो चावी," म्हणत मालकानं खिडकीतून चावीकडे हात घातला.

थांबा म्हणायला मी तोंड उघडलं. आकडा शून्यावरच होता.