धोपटणं

ढोमसे सरांनी वहीतल्या दमयंतीच्या नावापुढे फुली मारायला पेन उघडलं. शहरातल्या बेसबॉल अकादमीसाठी त्यांना एकच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, निवडायची होती, आणि या पोरीचे सहाही चेंडू बॅट घेतलेल्या मुलीपासून हातभर लांब गेले होते. वेग मात्र असा, की सरांना फुली मारवेना.

"तिला लागेल म्हणून भ्याले, सर," दमयंती रडवेली झाली.

"मग घरी कुणाला टाकतेस?"

"आईला."

धुणं घेऊन नदीवर निघालेली आई कुंपणापाशीच थांबली होती. ती पदर खोचून आत आली आणि धोपटणं उगारून उभी राहिली. "टाक गं नेहमीसारखा!"

तीन चेंडू सणसणत तिच्या पोटासमोरून गेले. आई तसूभरही हलली नाही. चौथा मात्र तिनं सोडला नाही. जोरात टोलवलेला चेंडू कुंपणापलीकडच्या बाभळीत जाऊन पडला आणि लेक टाळ्या पिटत नाचायला लागली.

"घेतली तुमची लेक!" सर हसत म्हणाले. "जूनपासून वसतिगृहात राहील."

"न्या की," आईनं धोपटणं खांद्यावर टाकलं. "पण सुट्टीला धाडा हं. इथं मला चेंडू कोण टाकणार?"