आप्पांचा पडेल सिनेमा

“हा बघ, हा बघ! आकाशपाळण्यात बसून हसतोय ना, तो मीच!” आप्पा टीव्हीवर बोट आपटत ओरडले.

एका थोर दिग्दर्शकाच्या पडेल सिनेमात आपण आहोत, हे त्यांचं पालुपद घरात कुणी खरं मानत नव्हतं. म्हणून मी डीव्हीडीच शोधून आणली.

“खऱ्या जत्रेत शूटिंग झालं. आमच्या लग्नाच्या वर्षी, चैत्री पौर्णिमेला!”

शेंगा सोलणारी आई थांबली. “चैत्री पौर्णिमेला? अहो, त्या दिवशी तुम्ही मला बघायला येणार होतात. मी पोहे करून बसले आणि निरोप आला, मुलगा तापाने फणफणलाय.”

आप्पांनी रिमोटकडे झेप घेतली, पण आईने तो आधीच माझ्या हातात दिला.

“जरा मागे घे गं. तुझ्या बापाचा ताप मला नीट बघू दे.”