टेकडीवरचा बिसखोपडा

कुमुदिनीबाईंनी टोपलीत हात घातला आणि मांडवातल्या पुढच्या रांगा मागे सरकल्या.

गणेशोत्सवातलं व्याख्यान म्हणजे गीता नाहीतर शिवाजी महाराज. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंनी विषय घेतला होता पालीचा. "लोक गणपतीला येतात, पालीला नाही," अशी त्यांच्या यजमानांनी, शरच्चंद्रांनी, चेष्टाही करून झाली होती.

पण पाल खरोखर देखणी होती. पिवळ्या अंगावर काळे पट्टे, गुबगुबीत शेपूट आणि इतर पालींना नसतात त्या चक्क पापण्या. इंदूरच्या पलासिया भागापलीकडच्या खडकाळ टेकडीवरच काय ती आता उरली होती. बाकी सगळीकडे लोकांनी तिला विषारी बिसखोपडा म्हणून ठेचून संपवलं होतं. तो चावला की माणूस पाणी मागायलाही जिवंत राहत नाही, अशी त्याची ख्याती. बाईंनी जंगलखात्याला अर्ज केले, तर शिकारीच्या नियमांत पाल बसत नाही, असं उत्तर आलं. मग लोकांचीच भीती घालवायची, असं त्यांनी ठरवलं.

पाठीशी उभा राहिला एकटा उदयसिंह, दगडाचा ठेकेदार. संस्थानं विलीन होऊन इंदूर नव्या राज्याची उन्हाळी राजधानी झाल्यापासून नवे बंगले उठत होते, त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. तरी त्यानं मांडवाला गॅसबत्त्या दिल्या आणि आपले सगळे मजूर आणून पुढे बसवले. माणसाला कळकळ आहे, असं बाईंना मनापासून वाटलं.

"अब देखो," त्या म्हणाल्या आणि पालीपुढे बोट धरलं.

पाल चावली. जेमतेम ओरखडा उठला. बाई शांतपणे खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं. आधी कोणाला कळेना, मग सगळा मांडव हसत सुटला. इतका वेळ डोळे मिटून बसलेले शरच्चंद्र आता सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते.

मजूर एकेक करून पुढे आले. एकानं तर पालीच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवलं. बाईंचे डोळे भरून आले. आता हिच्या केसाला धक्का लागायचा नाही, याची त्यांना खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी उदयसिंह पेढे घेऊन दारात हजर. त्यानं वाकून नमस्कार केला.

"बाईजी, तुमचे उपकार कसे फेडू? कबसे त्या टेकडीचा ठेका घेऊन बसलोय, पण बिसखोपड्याच्या डरानं एक मजूर तिथे पाय ठेवत नव्हता. आज सगळे सुबहसेच सुरुंग लावायला गेलेत."