कुजबुज

"सात नंबर! मान सरळ! दुसऱ्याच्या पेपरात काय बघतोस?"

सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा दचकले. त्यांनी मान वळवली होती ती पाण्याच्या बाटलीसाठी.

ओरडत होत्या आठ नंबरच्या बाई. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय ब्याऐंशी. खुब्याचं ऑपरेशन झकास झालं होतं, पण शुद्धीवर आल्यापासून बाईंना वॉर्ड म्हणजे परीक्षेचा हॉल वाटत होता. काल त्यांनी सलाईन उपटलं. तेव्हापासून दोन्ही मनगटं पट्ट्यांनी खाटेला बांधलेली होती.

"आईला वेड लागलं का हो?" मुलानं विचारलं. तीन दिवस तो स्टुलावरून हलला नव्हता.

"वेड नाही, भ्रम आहे. या वयात ऑपरेशननंतर होतो. उतरतोही," सिस्टर म्हणाली. पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. डॉक्टरांनी रक्त, लघवी सगळं तपासलं होतं, काही सापडलं नव्हतं. दहाच्या राउंडपर्यंत बाई शांत झाल्या नाहीत, तर गुंगीचं इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. गेल्या महिन्यात एका आजोबांना तसंच झोपवलं होतं. ते जागे झाले, पण उभे काही राहिले नाहीत.

तिनं ओला रुमाल घेतला. "बाई, तोंड पुसते हं."

बाईंनी तिच्या ओठांकडे रोखून पाहिलं. "कुजबुज बंद! मला दिसतंय सगळं."

सिस्टरचा हात थांबला. कुजबुज? ती तर खणखणीत बोलली होती. ती खाटेच्या डोक्याशी गेली आणि मागून जोरात टाळी वाजवली. सात नंबरचे आजोबा पुन्हा दचकले. बाईंची पापणीही लवली नाही.

"दादा, आईंना ऐकू येतं ना?"

"यंत्र लावलं की येतं."

"कुठंय ते?"

"घरी, कपाटात. ऑपरेशनला काढायला सांगितलं, म्हटलं इथं हरवायला नको. चष्मापण तिथंच ठेवलाय."

सिस्टरनं वॉर्डभर नजर फिरवली. तीन दिवस ओळीनं मांडलेल्या खाटा, धूसर चेहरे आणि आवाजाविना हलणारे ओठ. बाईंना दुसरं काय वाटणार? आणि दाखल करतानाच्या कागदावर हा प्रश्नच नव्हता. तो कागद तिनंच तर भरला होता!

"पळा!"

"आत्ता?"

"आत्ता! सव्वानऊ वाजलेत."

तो चपला हातात घेऊनच पळाला.

दहाला पाच कमी असताना तो धापा टाकत परतला. सिस्टरनं आधी पट्ट्या सोडल्या, मग चष्मा चढवला, मग यंत्र कानात बसवलं. बाईंनी हात झटकला नाही. बाहेर कुणाच्या तरी हातून भांडं पडलं आणि बाईंची मान गर्रकन तिकडे वळली.

सिस्टर त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"ही... शाळा नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"नाही बाई, दवाखाना आहे. तुम्ही पडलात, खुब्याचं ऑपरेशन झालं. आज बुधवार, सकाळ आहे."

तेवढ्यात डॉक्टर आले. सोडलेल्या पट्ट्या पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आजी, शंभरातून सात वजा करा. मग आलेल्या उत्तरातून पुन्हा सात, असं करत जा."

"त्र्याण्णव," बाई म्हणाल्या. थांबल्या. "शहाऐंशी. एकोणऐंशी..." बराच वेळ गेला. "बहात्तर. पासष्ट." मग चष्म्यातून पाहत म्हणाल्या, "तुम्ही बोटांवर मोजताय?"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरांनी हात मागे घेतला. "दुपारी पुन्हा थोडा गोंधळ होईल कदाचित," ते म्हणाले, पण कागदावरचं इंजेक्शन त्यांनी स्वतः खोडलं.

बाईंची नजर फिरत फिरत स्टुलावर आली.

"तू कधी आलास रे?"

"तीन दिवस इथंच आहे, आई."

"मग बोलला का नाहीस?"

त्यावर मुलगा काय म्हणाला, ते सिस्टरला कळलंच नाही. ती वॉर्डच्या मधोमध उभी राहून ओरडत होती, "चष्मा, कवळी, कानाचं यंत्र! ज्या पेशंटचं जे काही घरी राहिलंय, ते आत्ताच्या आत्ता घेऊन या!"

दारात एकदम पाच नातेवाईक अडकले.