कोंडीरामची कोरी वही

पिंपरीतल्या आपल्या छोट्या कारखान्यात शालनबाईंनी एप्रिलपासून प्रत्येक खात्याची कमाई वेगळ्या वहीत लिहिण्याचा शिरस्ता पाडला. एक वही लेथची, एक ड्रिलची आणि एक हत्यारांना धार लावणाऱ्या कोंडीरामची. महिनाअखेरीस त्यांचे चिरंजीव वसंतराव तिन्ही वह्या घेऊन आईसमोर बसले.

"लेथचे एक हजार पन्नास, ड्रिलचे चारशे वीस. कोंडीरामच्या वहीत एक रुपया नाही, आई. दीडशे रुपये पगार मात्र दर महिन्याला जातो. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो त्याला."

दाराशी उभ्या कोंडीरामने टोपी काढून हातात घेतली. "मालक म्हनत्यात ते खरं हाय, बाईसाहेब. हत्यारं आपलीच, मग बिल कुनाच्या नावानं फाडायचं?"

शालनबाईंनी सावकाश चष्मा पुसला. "वसंता, लेथच्या वहीत आठ ते बारा तारीख वाच."

"कोरी आहे."

"आणि ड्रिलच्या?"

"तीही कोरीच. वीज गेली असेल."

"वीज होती. कोंडीराम लेकीच्या लग्नाला गावी गेला होता. बोथट हत्यारांनी पाच दिवसांत एक नग निघाला नाही."

मग कोंडीरामच्या वहीतली पहिली ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली: पाच दिवस रजा, बुडाले साडेतीनशे. वही त्यांनी मुलापुढे सरकवली.

"खाली त्याची पगारवाढ तू लिही. आणि अक्षर नीट काढ."