थोडासा धूर

मानपाड्याच्या त्या चुलींच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत विक्रेत्या सलिलने नवी चूल पेटवली, तशा केशरबाई सवयीने मान वळवून बसल्या. धूर आलाच नाही.

"पेटली का विझली रे?"

"पेटलीय मावशी. आत बघा ना."

त्यांनी वाकून पाहिलं. काठाच्या भोकांमधून ज्वाळा गोल उठत होत्या. डोळ्यांना काही झोंबत नव्हतं.

पोपटशेठ खुर्चीत बसून पाहत होते. कल्याण-शीळ रस्त्यावर त्यांचं 'चुलीवरचं' हॉटेल. दारातच चूल, आणि चुलीपुढे सकाळपासून केशरबाई. यंदा त्यांना दम लागायला लागलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धूर सोडा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. पण धूर सोडायचा म्हणजे पोट सोडायचं. म्हणून तर शेठच्या मागे लागून लागून त्यांना आज इथवर आणलेलं.

"बाहेरून स्टील, आतून भाजलेल्या मातीचं जाड अस्तर," सलिल समजावत होता. "ताप आतच राहतो. खाली हा छोटा पंखा. विजेवर चालवा, नाहीतर सोलरवर. त्याच्या वाऱ्याने धूरसुद्धा आतच जळून जातो. लाकूड घाला, भुशाच्या गोळ्या घाला, दोन्ही चालतं. म्हणून हायब्रीड."

"अस्तर तडकलं तर?" केशरबाईंनी विचारलं.

"वेगळं मिळतं. फक्त गरम असताना पाणी मारू नका."

"आणि स्वयंपाक चालू असताना लाकूड सारायचं झालं तर?"

"या बाजूच्या तोंडातून. पण सुकं हवं, आणि बारीक फोडलेलं."

ते फोडायला केशरबाईंची ना नव्हती. त्यांनी पिशवीतून डबी काढली, चुलीला हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले.

"अहो मावशी, अजून घेतली कुठे तुम्ही!" सलिल हसला.

"अग्नी पेटलाय ना बाबा? मग झालं तर."

सोमवार होता, त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तरी उकड काढून डब्यातून आणली होती. पाटावर बसून त्यांनी तांदळाची भाकरी हातावर थापली, तव्यावर टाकली. भाकरी टम्म फुगली. त्यांनी मुद्दाम खोल श्वास घेतला. खोकला आला नाही. पुन्हा घेतला. देवा, तूच रे, असं मनात म्हणाल्या.

"बघा शेठ. भाकरी आपली तीच आहे की नाही?"

पोपटशेठनी तुकडा मोडून तोंडात टाकला. "एक नंबर!" मग मोबाईल काढून चुलीवर धरला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण हे तर गॅससारखं दिसतंय यार."

"सर, तोच तर पॉइंट आहे."

"तुझा असेल पॉइंट. माझं गिऱ्हाईक ठाण्यावरून गाडी काढून येतं, ते काय बघायला? मावशी धुरात बसलेली दिसली पाहिजे. लोक तिथेच उभे राहून रील काढतात. धूर नाही दिसला तर बोलतील, फसवतोय आपल्याला." शेठ खुर्चीतून पुढे झुकले. "भाई, यात थोडासा धूर ठेवता येईल का?"

केशरबाईंना वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी सलिलकडे पाहिलं. शिकलेला पोरगा, आत्ताच तर धुराने छातीचं काय होतं ते सांगत होता. तो नाही म्हणेल.

सलिल जरासा घुटमळला.

"येईल की सर. पंखा बंद ठेवायचा." त्याने बटण दाबलं.

खालची घरघर थांबली. ज्वाळा मंदावल्या आणि तव्याच्या चारी बाजूंनी पांढरा लोट उसळून थेट केशरबाईंच्या तोंडावर आला.

"हां, हेच! हेच पाहिजे!" पोपटशेठ मोबाईल धरून पुढे धावले आणि खोकतच मागे सरले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "एकदम गावची फील! मावशी, उठू नका. एक भाकरी टाका, आणि जरा हसा."

केशरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात त्यांनी कुणाच्या अरेला कारे केलं नव्हतं, आणि उपासाच्या दिवशी तर नाहीच. हातातला उकडीचा गोळा त्यांनी परातीत ठेवला. भिंतीला धरून, धाप सावरत उठल्या. पाट पदराने स्वच्छ पुसला आणि चुलीच्या आणखी जवळ सरकवला.

"तुम्ही बसा शेठ," नेहमीच्याच हळू आवाजात त्या म्हणाल्या आणि मोबाईलसाठी हात पुढे केला. "फोटो मी काढते."