पन्नाशीपुढचे प्राध्यापक

"पुन्हा नापास!" कुलथेसरांनी माउस आपटला. 'उच्च शिक्षणातील बदल' या विषयाचे ते नावाजलेले अभ्यासक, आणि बढतीसाठी सक्तीचा झालेला हा स्वयंअध्ययनाचा ऑनलाइन कोर्स त्यांना पुढे सरकूच देईना. स्टाफरूमच्या रीतीप्रमाणे त्यांनी कोर्समध्ये वाचायला दिलेला लेख न उघडताच चाचणी दिली होती.

प्रश्न होता, 'लेखकाच्या मते बदलाला सर्वाधिक विरोध कोण करते?' सरांनी आधी सरकार निवडलं, मग विद्यार्थी. दोन्ही चूक. बरोबर उत्तर निघालं, पन्नाशी ओलांडलेले प्राध्यापक.

"हा कोण दीडशहाणा?" छप्पन्न वर्षांचे सर कडाडले. "कालचं पोर असणार! इनामदारबाई, तक्रारीचा अर्ज लिहायला घ्या. हा लेखच काढायला लावतो. थांबा, नाव बघून सांगतो."

त्यांनी तावातावाने लेख उघडला. वीस वर्षांपूर्वीचा होता. शीर्षकाखाली त्यांचंच नाव होतं, काळ्याभोर मिशांच्या फोटोसकट.

इनामदारबाईंनी पेपर तपासणं थांबवून चष्म्यावरून स्क्रीनकडे पाहिलं.

"लिहू ना, सर?"

सरांनी पांढऱ्या मिशांवरून हात फिरवला.

"लिहा. म्हणावं, लेखकाला अनुभव कमी आहे."